डोक्याला मार लागून गेलाय, आता परत स्कूबा करू का?

दिवाळी झाली की मालवण, गोवा, अंदमानचा सीझन जोरात येतो आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचाही विषय बदलतो. यावेळी डोक्याला लागलेल्या माराबद्दल बरेच प्रश्न आलेत म्हणून सगळा कॉलम त्यालाच देतेय. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, वय ३४, पुण्यात आयटीत आहे. मे महिन्यात कात्रज बायपासला बाईक स्लिप झाली, हेल्मेट होतं तरी डोकं डिव्हायडरला आपटलं. चार-पाच मिनिटं बेशुद्ध होतो असं मागून येणारे लोक सांगतात. मला अँब्युलन्समधलं थोडंसं आठवतं आणि मग एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा पाजत होती ते आठवतं. सीटी स्कॅन नॉर्मल, दोन दिवसांनी डिस्चार्ज. आता एकदम ओके आहे, जिमही चालू आहे, फक्त लॅपटॉपवर सलग बसलं की दुपारनंतर डोकं जड होतं आणि झोप जरा डिस्टर्ब आहे पण ते कामाच्या टेन्शनने असेल. माझा अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर हा डायव्हिंगचा कोर्स झालेला आहे, डिसेंबरमध्ये ग्रुपसोबत हॅवलॉक बुक आहे. ओळखीचा इन्स्ट्रक्टर म्हणतो डाइव्हआधीच्या मेडिकल फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिही, ‘हो’ लिहिलंस की डॉक्टरचं लेटर मागत बसतात. सीटी नॉर्मल आहे तर प्रॉब्लेम काय आहे नक्की?

उत्तर: आधी निकाल सांगते म्हणजे तुम्ही तिकिटाचं बघायला मोकळे. या डिसेंबरला नाही. कायमचं नाही असं म्हणत नाहीये, पण या डिसेंबरला नाही.

आता कारण. तुम्ही पत्रात ‘चार-पाच मिनिटं बेशुद्ध’ असं लिहिलंय आणि लोक हाच आकडा धरून बसतात, पण तो आकडा रस्त्यावरच्या लोकांनी दिलेला आहे, त्यांनी काय घड्याळ लावलं नव्हतं. मला तुमच्या पत्रातली त्यापुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटली. अँब्युलन्समधलं थोडंसं आणि मग एकदम सकाळचा चहा. मधली रात्र कुठे गेली? त्या रात्री तुम्ही डोळे उघडे ठेवून बोलत असाल, नाव-गाव सांगत असाल, कदाचित नर्सशी वादही घातला असेल, पण मेंदूत रेकॉर्डिंग बंद होतं. डोक्याचा मार किती मोठा होता हे ठरवताना आम्ही बेशुद्धीइतकंच, बऱ्याचदा जास्तच, याच्याकडे बघतो, की सलग, न तुटता आठवायला लागलं ते कधीपासून. अँब्युलन्सचा जो तुकडा तुम्हाला आठवतो तो मधलं एक बेट आहे, तिथून मोजायचं नाही, चहापासून मोजायचं. म्हणजे अपघात संध्याकाळचा धरला तर दहा-बारा तास झाले. अर्ध्या तासाच्या आत सगळं आठवायला लागलं तर मार सौम्य, अर्धा तास ते २४ तास असेल तर मध्यम, २४ तासांच्या वर गेलं किंवा मेंदूत रक्तस्राव, जखम असं काही निघालं तर गंभीर. तुम्ही स्वतःला सौम्यमध्ये टाकून ठेवलंय, तुमच्याच पत्रावरून तुम्ही मध्यममध्ये येता.

ही विभागणी मी हवेतून आणलेली नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डोक्याला मार लागलेल्या साडेचार हजार लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास छापला गेला, त्यात पुढे फिट येण्याचं प्रमाण अशाच तीन गटांत काढलंय. पहिल्या पाच वर्षांत सौम्य गटात ०.७ टक्के, मध्यम गटात १.२ टक्के आणि गंभीर गटात १० टक्के. आणि सौम्य गटात पाच वर्षांनंतर जास्तीचा धोका उरलाच नाही, बाकी लोकांसारखेच झाले ते. तुम्ही म्हणाल १.२ टक्के म्हणजे शंभरात एक, एवढ्यासाठी ट्रिप सोडू? जमिनीवर मी पण म्हणेन की चालतंय, जा कामाला, नुसती काळजी घ्या. पण ही फिट पाण्यात आली तर काय होतं ते बघा.

घरी सोफ्यावर फिट आली तर माणूस दोन मिनिटं हातपाय झाडतो, जीभ चावली जाते, मग गुंगीत पडून राहतो, घरचे घाबरतात, पण बहुतेक वेळा जीव जात नाही. पाण्याखाली पहिली गोष्ट म्हणजे तोंडातला रेग्युलेटर, ज्यातून सिलिंडरची हवा घेतो तो, सुटतो. पुढचा श्वास पाण्याचा. आणि बडीसमोर, म्हणजे जोडीने उतरलेल्या डायव्हरसमोर, दोन पर्याय असतात, दोन्ही वाईट. फिट चालू असताना वर न्यावं तर त्या अवस्थेत घसा आवळून श्वास कोंडलेला असू शकतो, आणि पाण्यात १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो म्हणजे तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, ती बाहेर पडली नाही तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूत जाऊ शकतात. न न्यावं, फिट थांबायची वाट बघावी, तर रेग्युलेटर तोंडात नसलेला माणूस बुडतोय. पोहायला किती चांगलं येतं याचा इथे काही संबंध नाही. म्हणून जमिनीवर जो धोका आम्ही ‘चालतंय’ म्हणून सोडून देतो तोच पाण्याखाली सोडत नाही. आणि बुडणारा एकटा नसतो, तुमच्या जोडीला जो बडी आहे तो तुम्हाला वर काढताना स्वतः पण घाईत वर येणार, त्याच्या जिवाचं काय.

सीटीबद्दल. अपघाताच्या रात्री सीटी काढतात ते रक्तस्राव आहे का, ऑपरेशन लागेल का, कवटीला तडा गेलाय का हे बघायला. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे. मेंदूच्या आतल्या बारीक तंतूंना ताण बसलाय का हे सीटीत दिसत नाही, एमआरआयमध्ये कधी दिसतं कधी तिथेही नाही. त्यामुळे नॉर्मल सीटी ही चांगली बातमीच आहे, तुम्हाला गंभीर गटातून बाहेर काढते, पण ते पाण्यात उतरायचं सर्टिफिकेट नाही. तसंच ईईजीचं, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीचं. कुणी सांगेल ईईजी काढून घ्या नॉर्मल आला की झालं, तर पुढे फिट येणाऱ्या लोकांचाही ईईजी त्या आधी नॉर्मल येऊ शकतो.

आणि खरं सांगू का, हे सगळे आकडे बाजूला ठेवले तरी तुमच्या बाबतीत माझं उत्तर नाहीच आलं असतं, कारण तुम्ही अजून बरे झालेले नाही आहात. दुपारनंतर डोकं जड, झोप डिस्टर्ब, हे कामाचं टेन्शन असेलही, पण अपघाताआधी असं होत होतं का? मारानंतर महिनोन्महिने डोकं दुखणं, झोप बिघडणं, चिडचिड, लक्ष न लागणं, आवाज-उजेड सहन न होणं हे इतकं नेहमीचं आहे की पहिला संशय त्याचाच घ्यायला हवा. डायव्हिंगमध्ये याचे दोन त्रास. एक म्हणजे पाण्याखाली तुम्हाला एकाच वेळी खोली, हवा, वेळ, बडी, करंट या सगळ्यावर लक्ष ठेवायचं असतं, आणि तुमचं कार्ड ३० मीटरपर्यंतचं आहे, तिथे नायट्रोजनमुळे चांगल्या डोक्याची माणसं पण जराशी झिंगल्यासारखी होतात. दुसरा त्रास जास्त बेरकी आहे. डाइव्ह करून वर आल्यावर डोकं दुखतंय, थकवा आलाय, हाताला मुंग्या येतायत, हे काय आहे? जुन्या माराचं असू शकतं. मास्कचा पट्टा घट्ट झाला असेल, हवा वाचवायला श्वास धरून-धरून घेतला म्हणून कार्बन डायऑक्साइड साठून दुखत असेल, सायनस दाबला गेला असेल. किंवा खरोखरचा डीकम्प्रेशन सिकनेस (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होतात तो) असू शकतो, ज्यात तास-तास महत्त्वाचा असतो. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला यातलं काय आहे ते ओळखताच येणार नाही, कारण तुम्हाला हे जमिनीवर पण होतंय. हॅवलॉकला आहात, त्यावर उपचार करायचं दाबाचं चेंबर पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं) नौदलाच्या धन्वंतरी हॉस्पिटलमध्ये, मध्ये समुद्र, संध्याकाळची शेवटची बोट गेलेली. अशा वेळी ‘हे नेहमीचंच आहे’ म्हणून झोपून जाणारा माणूस मला नको आहे.

आता तो फॉर्म. तुमचा इन्स्ट्रक्टर मित्र आहे म्हणून जास्त बोलत नाही, पण त्याने दिलेला सल्ला वाईट आहे. जगभर वापरला जाणारा जो मेडिकल फॉर्म आहे त्यात स्पष्ट विचारलंय की गेल्या पाच वर्षांत डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला होतात का. ‘हो’ लिहिलं म्हणजे डाइव्ह रद्द असा त्याचा अर्थ नाही, डॉक्टरने तपासून सही करायची एवढाच आहे. खोटं ‘नाही’ लिहिलंत आणि काही झालं तर इन्शुरन्स हात वर करायला मोकळा, चेंबरमधल्या डॉक्टरकडे चुकीची माहिती, आणि तो मित्र म्हणेल यानेच लिहून दिलंय बघा, खाली सही याचीच आहे.

काय करा ते सांगते. डिस्चार्ज पेपर शोधा, त्यात जीसीएस, म्हणजे शुद्ध किती होती त्याचा स्कोअर, किती लिहिलाय ते बघा, पंधरापैकी असतो. आईला आणि त्या रात्री सोबत होते त्यांना विचारा मी काय बोलत होतो, तेच तेच परत विचारत होतो का. डोकेदुखी आणि झोपेसाठी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, ते बरं करण्यासारखं असतं, अंगावर काढू नका. दुखण्यासाठी कुणी ट्रामाडॉल दिलं असेल तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, ते फिटचा उंबरठा खाली आणतं. मग गोळी न घेता, जिम करून, ऑफिस करून, रात्रीची नीट झोप लागून काही महिने अगदी बिनतक्रार जाऊ द्या. अपघाताला वर्ष व्हायच्या आत मी तुमच्या फॉर्मवर सही करणार नाही. दुसरा डॉक्टर करेलही, यात सगळ्यांचं एकमत नाही, कुणी मध्यम मारानंतर कमी थांबायला सांगतात, कुणी जास्त. पण जो कोणी तपासेल त्याला डायव्हिंग मेडिसिनची माहिती असली पाहिजे. नौदलात मरीन मेडिसिनचे स्पेशालिस्ट असतात, मुंबईला अश्विनी हॉस्पिटलच्या आवारात त्यांचं शिक्षण होतं, त्यातले रिटायर झालेले काही जण बाहेर तपासतात. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडून बीपी बघून सही आणू नका. त्या तपासणीत तोल, प्रतिक्षिप्त क्रिया, संवेदना सगळं कागदावर लिहून घ्या, पुढे कधी डाइव्हनंतर शंका आली तर आधीचं काय होतं ते समोर असेल.

आणि परत सुरू कराल तेव्हा आधी स्विमिंग पूल, मग दहा-बारा मीटर, इन्स्ट्रक्टरला सगळं माहीत असताना. रात्रभर प्रवास करून सकाळी पाण्यात नाही, आदल्या रात्री पार्टी नाही. जागरण आणि दारू दोन्ही फिटला आमंत्रण देतात. हॅवलॉकचा ग्रुप जातोय तर तुम्ही पण जा हो, राधानगर बीचवर बसा, खा-प्या, डाइव्ह करणाऱ्यांचे फोटो काढा. जरा जळेल, चालतं.

प्रश्न: मी ठाण्याची, वय ४१. दोन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून कपाळाला लागलं, चार टाके पडले. बेशुद्ध नाही झाले, सगळं आठवतंय, उलटी नाही, डोकंही दुखत नाही. पुढच्या आठवड्यात मुलांसोबत मालवणला जातोय तिथे तो गाइड धरून नेतात तसला स्कूबा करायचाय. सासूबाई म्हणतात डोक्याला टाके आहेत पाण्यात जायचं नाही.

उत्तर: टाके किती पडले यावरून मेंदूचं काही कळत नाही. कपाळाची कातडी पातळ, रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे छोट्या खोकेतून पण केवढं रक्त येतं, बघणाऱ्याचं काळीज हलतं. उलट कातडी जराही न फाटता आत मोठा मार बसू शकतो. तुमचं सगळं आठवतंय, बेशुद्धी नाही, तक्रार नाही, हे छान आहे.

पण सासूबाई वेगळ्या कारणाने बरोबर आहेत, जखम ओली असेल तर समुद्राच्या पाण्यात जायचं नाही, आणि मास्कची कड नेमकी कपाळावरच बसते. शिवाय तीन आठवडे म्हणजे मला जरा लवकर वाटतं, एवढ्या साध्या मारालाही मी दीड महिना तरी थांबा म्हणते. उगाच घाई कशाला, मालवणचा समुद्र मे महिन्यापर्यंत आहे, पावसाळ्यातच काय ते बंद असतं. तुम्ही यावेळी बोटीवरून सिंधुदुर्ग किल्ला बघा, मुलांना उतरू द्या, फेब्रुवारीत परत जा.

जाताना एक लक्षात ठेवा, मुलांसाठी पण. डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीने किंवा गगनबावड्याने घाट चढून परत निघायचं नाही. आंबोली ७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि डाइव्हनंतर ६०० मीटरच्या वर जायला, विमानात बसण्याआधी थांबायचा जो नियम आहे तोच लागतो, एक डाइव्ह केली असेल तर १२ तास, जास्त केल्या तर १८. पाच-सहा मीटरच्या छोट्या डाइव्हनंतर धोका फार कमी असतो मान्य, पण रात्र मालवणात काढायला कुणाला नको असतं, सोलकढी प्या आणि झोपा.

प्रश्न: माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत, नाशिकला असतो. तीन वर्षांपूर्वी शिडीवरून पडून मेंदूत रक्ताची गाठ झाली होती, ऑपरेशन झालं, कवटीला प्लेट आहे. तेव्हा हॉस्पिटलमध्ये पहिल्या आठवड्यात एकदा फिट आली होती, त्यानंतर कधीच नाही. फिटसाठीची लेव्हेटिरॅसिटॅमची गोळी अजून चालू आहे. ते आधी हौसेने डायव्हिंग करायचे, आता म्हणतात तीन वर्षं काही नाही झालं, गोळी चार दिवस बंद ठेवतो, फॉर्मवर गोळीचं लिहायची वेळच येणार नाही. घरात रोज यावरून वाद आहे. तुम्हीच काय ते सांगा.

उत्तर: ताई, त्यांना हे वाचायला द्या. साहेब, नाही. आणि गोळी चार दिवस बंद ठेवायचा विचार तर डायव्हिंगपेक्षाही धोकादायक आहे. फिटची गोळी एकदम सोडणं हेच फिट यायचं मोठं कारण असतं. म्हणजे जी गोष्ट टाळायची ती ज्या आठवड्यात यायची सगळ्यात जास्त शक्यता आहे तोच आठवडा तुम्ही पाण्याखाली घालवणार.

तीन वर्षं काही झालं नाही हे गोळी चालू असताना झालं नाही. गोळीशिवाय काय झालं असतं हे ना तुम्हाला माहीत ना मला. मघाशी ज्या अभ्यासाचे आकडे दिले त्यात तुम्ही गंभीर गटात येता, पाच वर्षांत दहा टक्के, आणि तीस वर्षांचा हिशेब केला तर जवळपास १७ टक्के. या गटाचं वाईट हेच आहे की धोका वर्षानुवर्षं हळूहळू चालूच राहतो. मेंदूवर रक्ताची गाठ, ऑपरेशन, वर पहिल्या आठवड्यातली फिट, हे सगळं एकाच बाजूला झुकतं.

प्लेटचं विचारलं नाहीत पण सांगून टाकते कारण सगळ्यांना तीच भीती असते की दाबाने प्लेट सरकेल. तसं काही होत नाही. पाण्याचा दाब सगळीकडून सारखा असतो, टायटॅनियमची प्लेट आणि भरून आलेलं हाड त्याला भीक घालत नाही. दाब त्रास देतो जिथे हवा कोंडलेली असते तिथे. ऑपरेशननंतर किंवा कवटीच्या तळाला तडा गेल्यावर काही दिवस कवटीत हवा राहू शकते, ती असेपर्यंत डाइव्ह तर नाहीच, विमान पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तीन वर्षांनी तुमच्या डोक्यात हवा नसणार. (घरातल्यांचं मत वेगळं असू शकतं.) तुमचा प्रश्न प्लेटचा नाही, तिच्याखाली मेंदूवर जो वण राहिलाय त्याचा आहे, फिट तिथून उठते.

गोळी पुढे कधी बंद करायची हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, तो विषय डायव्हिंगसाठी काढू नका. गोळी सुटली तरी मी तुम्हाला डाइव्हला हो म्हणणार नाही. वाईट वाटतं सांगताना, कारण ज्याला खालचं जग एकदा आवडलं त्याला वरून बघणं म्हणजे काय ते मला माहितीये. पण समुद्र पूर्ण बंद नाहीये. अंदमानात जॉली बॉय बेटाला तळाला काच असलेल्या बोटी आहेत, प्रवाळ बघता येतात. लाइफ जॅकेट घालून, उथळ शांत पाण्यात, शिकवलेला माणूस अगदी हाताच्या अंतरावर असताना स्नॉर्कलिंग करता येईल का हे तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा, ते नाही म्हणाले तर तिथेही नाही. नाशिकच्या स्विमिंग टँकमध्ये सुद्धा एकट्याने जायचं नाही, जीवरक्षकाला फिटचं सांगून ठेवायचं.

प्रश्न: पणजीहून लिहिते. महिन्याभरापूर्वी कपाटाचं दार डोक्यात बसलं, तेव्हा विशेष काही नव्हतं. आता रात्री उजवीकडे कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. दिवसा काही नाही. मी ग्रँड आयलंडला नियमित डाइव्ह करते. चालेल का?

उत्तर: हे बरं होईपर्यंत नाही, पण बरं व्हायची शक्यता खूप चांगली आहे. डोक्याला हिसका बसला की आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तोलाच्या नळीत जातात आणि ठराविक बाजूला डोकं वळलं की गरगरतं. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर टेबलावर झोपवून डोकं ठराविक पद्धतीने फिरवतात, एपली म्हणतात त्याला, आणि पुष्कळांना एक-दोन वेळात आराम पडतो, औषध नाही काही नाही. त्याच व्हिजिटमध्ये कानाचा पडदा बघून ऐकण्याची टेस्ट करून घ्या. ऐकू कमी आलं, कानात शिट्टी वाजत असली किंवा नाक शिंकरल्यावर, जोर केल्यावर चक्कर येत असली तर गोष्ट वेगळी, आतल्या कानाच्या पडद्याला चीर असू शकते आणि मग कान मोकळे करायला नाक दाबून जोर लावणं महागात पडेल. एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, खारट काही गळत असेल तर तो सर्दीचा प्रकार समजू नका, त्याच दिवशी दाखवा.

पाण्याखाली चक्कर आली की वर कुठे खाली कुठे कळत नाही, उलटी होते, ती रेग्युलेटरमध्ये होते, माणूस घाबरून वर सुटतो. म्हणून एपलीनंतर काही आठवडे बिछान्यात दोन्ही कुशींवर बिनघोर लोळता आलं पाहिजे मगच पाणी. आणि चक्करेसाठी किंवा बोट लागते म्हणून अॅव्होमिन, सिनारिझिन असलं काही घेत असाल तर झोप आणणाऱ्या गोळ्या आहेत त्या, घेऊन डाइव्ह करू नका.

प्रश्न: आम्ही मालवणात स्कूबाचा धंदा करतो, मी गाइड आहे. पर्यटकांना फॉर्म देतो, सगळे न वाचता ‘नाही नाही नाही’ करून सही करतात. कोणाला डोक्याचा मार, फिटचा आजार आहे हे ओळखायचं कसं? आम्ही काय डॉक्टर नाही.

उत्तर: तुमचं पत्र आलं ते फार बरं वाटलं. डॉक्टर नसलात तरी प्रश्न विचारायची पद्धत बदलली की खूप कळतं. ‘काही आजार आहे का’ असं विचारलं की कुणीही नाहीच म्हणणार. त्याऐवजी असं विचारा: रोज कुठली गोळी घेता? कधी हॉस्पिटलात रात्र काढली आहे का, कशासाठी? गाडीवरून कधी पडलात का, तेव्हाचं सगळं आठवतं का? कधी घेरी येऊन पडलात का? रात्री झोपलात की बसमधून थेट आलात? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण पुण्या-मुंबईची अर्धी माणसं रात्रभर प्रवास करून सकाळी आठला तुमच्या बोटीवर असतात, त्यांना नाश्ता करून दोन तास झोपायला पाठवलंत तरी पुष्कळ झालं.

दुसरं म्हणजे हे बोटीवर विचारू नका. किनाऱ्यावर, पैसे घ्यायच्या आधी, आणि एकेकाला बाजूला घेऊन. नवीन लग्न झालेली मुलगी सासरच्या दहा माणसांसमोर मला फिट यायची असं सांगेल का? नाही सांगणार. पुरुष मित्रांसमोर सांगत नाहीत. बाजूला विचारलंत आणि ‘कान बरे नाहीत म्हणून आज नको असं मी सगळ्यांना सांगतो’ असं म्हणालात तर सांगतील. पैसे घेऊन झाले, बोट निघाली की मग दोघांनाही मागे फिरायचं नसतं.

आणि पाण्यात कुणाला फिट आलीच तर, हे तुमच्या सगळ्या पोरांना दाखवून ठेवा. रेग्युलेटर तोंडात असेल तर तो हाताने तिथेच दाबून धरा, झटके थांबेपर्यंत थांबा, मग सावकाश वर आणा. तोंडातून सुटला असेल तर परत कोंबत बसू नका, सरळ वर आणा. वर आल्यावर श्वास बघा, नसेल तर लगेच तोंडाने द्यायला सुरुवात, बोटीवर घेतल्यावर ऑक्सिजन लावा, तो सिलिंडर भरलेला आहे का हे रोज सकाळी बघायचं. माणूस पाच मिनिटांनी उठून बसला, मी बरा आहे म्हणाला, तरी हॉस्पिटलात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी पण त्रास देतं. तो नको म्हणेल, बायको म्हणेल आता ठीक आहेत, हॉटेलचं चेकआउट आहे. ऐकू नका.